मनगटावरचा ठोका

अंतराळात एसटी सुरू झालीच, तर पहिली गाडी गुहागर आगाराची सुटली पाहिजे, असं मुरारीतात्या रेडीज यांचं स्पष्ट मत होतं.

"का म्हणून विचाराल," शेजारच्या खातूवहिनींना ते सांगत होते, "तर बाकीच्या आगारांना रस्त्याची सवय. आमच्याकडे रस्ता नसला तरी गाडी पोचते."

गच्चीवर हशा पिकला. कोजागिरी होती. आळीतली माणसं रेडीजांच्या गच्चीवर सतरंज्या टाकून बसली होती, शेगडीवर दूध आटत होतं आणि सगळी मंडळी चंद्राकडे पाठ करून समुद्राकडे तोंडं करून बसली होती. कोजागिरीला चंद्राचा असा अपमान गावात पहिल्यांदाच होत होता. पण खोल समुद्रात उभारलेल्या तरंगत्या तळावरून त्या रात्री अग्निबाण सुटणार होता. त्यात चार माणसं बसली होती आणि त्यातला एक तात्यांचा मुलगा होता, हेरंब. वरच्या एका खासगी अंतराळस्थानकाची दुरुस्ती करायला तो दोन महिन्यांसाठी निघाला होता.

"आणि तात्या, सामानाचं तिकीट लागणार का?" खातूवहिनींनी विचारलं.

"वर वजनच नाय म्हटल्यावर सामानाचं तिकीट कसलं? कंडक्टर उपाशी मरणार. अडचण एकच. घाईची लागली म्हणून कोणी गाडी थांबवा म्हणाला, तर त्याला उतरवायचा कुठे?"

लोक पोट धरून हसले. तात्यांनी तीस वर्षं गुहागर-सांगली गाडी चालवली होती. कुंभार्ली घाटात समोरून उलटा ट्रक घसरत आला तरी या माणसाच्या कपाळावर आठी उमटली नव्हती, असं आगारात अजून सांगत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांचा हा थंडपणा गेला नव्हता. मुलगा आगीच्या खांबावर बसून आकाशात जायला निघालाय आणि बाप तिकिटाच्या गोष्टी करतोय.

"पण परत येताना ब्रेक कसा लावतात हो?" कोणीतरी विचारलं.

"हवेवर घासत येतात म्हणे. लालबुंद होतं ते यान. होणारच. ब्रेक मारला की तापतंच. कुंभार्ली उतरून पोफळीला गाडी उभी केली, की आम्ही चाकाच्या ड्रमजवळ हात न्यायचो. गाडी कितीही सावकाश उतरली असू दे, हात पोळायचा. हेरंब लहान असताना एकदा बरोबर होता. 'एवढी हळू आली, मग कशी तापेल?' म्हणाला आणि लावलान की हात. फोड घेऊनच गुहागरला आला."

सगळे हसत होते, पण एक माणूस हसत नव्हतं. हेरंबची बायको शलाका कठड्याला टेकून उभी होती आणि डाव्या हाताने तिने उजवं मनगट घट्ट धरलं होतं. मनगटावर एक काळी पट्टी होती. त्या पट्टीतून तिला नवऱ्याच्या काळजाचा ठोका जाणवत होता.

या पट्ट्या त्या काळात घरोघरी होत्या, आणि त्याला कारणही तसंच होतं. चेहरा आणि आवाज हुबेहूब बनवणं इतकं सोपं झालं होतं, की फोनवर बोलणारा मुलगा आपलाच आहे की कोणा भामट्याने घडवलेला, हे आईलाही सांगता येईना. लोकांचा डोळ्यांवरचा आणि कानांवरचा विश्वास उडाला. तेव्हा हे नवं यंत्र आलं. एकाने छातीवर एक टिकली चिकटवायची. ती कातडीतून बारीक प्रकाश आत सोडते. दर ठोक्याला रक्ताची लाट येते आणि तेवढ्यापुरता तो प्रकाश कमी परततो. त्या चढउतारावरून टिकलीला ठोका कळतो, आणि जगाच्या पाठीवर कुठेही असलेल्या दुसऱ्याच्या मनगटावर पट्टीतली इवलीशी हातोडी तोच ठोका मारते. आकडा नाही, पडदा नाही, नुसता ठोका. एका टिकलीची एकच पट्टी, आणि ती गाठ कारखान्यातच कायमची मारलेली. लग्नाच्या गाठी सुटायला लागल्या होत्या, पण ही सुटत नसे. माणसाचा चेहरा बनवता येईल, ठोका बनवता येणार नाही, यावर लोकांची श्रद्धा बसली होती.

रेडीजांच्या घरात अशा दोन जोड्या होत्या. पहिली तात्यांची आणि हेरंबची. तात्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा हेरंब नोकरीला बंगळूरला होता. त्याने तात्यांच्या छातीवर टिकली लावली आणि पट्टी आपल्या मनगटावर बांधली. दुसरी जोडी हेरंबची आणि शलाकाची. टिकली त्याच्या छातीवर, पट्टी तिच्या हातात.

समुद्राच्या कडेवर आधी नुसती लाली पसरली. मग त्या लालीतून एक धगधगीत ठिणगी वर निघाली आणि चढतच गेली. पाण्यावर तिचा उजेड पार किनाऱ्यापर्यंत धावत आला. "गणपती बाप्पा मोरया!" कोणीतरी ओरडलं. खातूवहिनींनी हात जोडले. तात्या म्हणाले, "पहिला गिअर बरा टाकला हो."

शलाकाने डोळे मिटले आणि मनगटावर सगळं लक्ष लावलं. आता त्याचं काळीज उसळेल, धडधडेल, तिच्या हातात मावणार नाही, असं तिला वाटत होतं.

ठोका पडत होता. एक. मग सावकाश दुसरा. मग आणखी सावकाश तिसरा. पोटभर चरून बसलेल्या बैलासारखं ते काळीज शांत होतं.

ज्या हेरंबने लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत मोठ्या पाळण्यात बसल्यावर डोळे मिटून तिचा हात करकचून धरला होता, तो हेरंब अग्निबाणात बसून असा शांत? अग्निबाणाचा आवाज किनाऱ्यावर पोचून खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली, तोवर शलाकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती.

आता शलाकाच्या बाजूने एवढं सांगायला हवं, की संशय हा तिचा पगारी धंदा होता. वीज कंपनीच्या भरारी पथकात ती नोकरीला होती. मीटरमध्ये चुंबक लावणारे, तारेवर आकडा टाकणारे, देवघरामागून चोरटी वायर नेणारे, असे नाना नग तिने पकडले होते. समोरचा कितीही गोड बोलो, चहा देवो, ती आधी मीटर बघायची. माणूस खोटं बोलतो, मीटर बोलत नाही, हे तिचं ब्रीद होतं. तेच ब्रीद ती आता नवऱ्याला लावायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेरंबचा पहिला फोन आला. पडद्यावर तो तरंगत होता, केस उभे, चेहरा सुजलेला.

"कसं वाटलं उड्डाण?" तिने विचारलं.

"अगं, जीव मुठीत होता! खोटं कशाला सांगू, छाती फुटते की काय असं झालं."

शलाका हसली, पण ते हसू ओठांपाशीच राहिलं. तिच्या मनगटाला काही वेगळंच माहीत होतं.

"तात्या कुठायत? त्यांना जरा दे." तात्या पडद्यासमोर आले तेव्हा हेरंबचा आवाज एकदम मऊ झाला. "तात्या, काळजी करू नका. मी मजेत आहे."

"काळजी कोण करतंय? तू दार नीट लावून घे. वारा येत असेल."

हेरंब कितीतरी वेळ बापाकडे बघत राहिला. त्याचे डोळे ओले झालेत असं शलाकाला वाटलं. आणि तेही तिला खटकलं. एरवी हे बापलेक दोन वाक्यांच्या वर बोलत नसत.

मग तिने धागे जुळवायला घेतले. दोन वर्षांपूर्वी हेरंब एका वैद्यकीय चाचणीत नापास झाला होता, पुढे पास झाला. या खेपेला त्याच्या जागी एक राखीव माणूस तयार होताच. आयत्या वेळी हेरंबला उतरवलं असेल तर? एवढा गाजावाजा झाल्यावर तो काय तोंड दाखवणार? आणि त्याला पाठवणाऱ्या कंपनीला तरी तोंड कुठे होतं? शलाकाने कंपनीला फोन लावला. एका गोड आवाजाच्या अधिकाऱ्याने सांगितलं, की सर्वांची प्रकृती उत्तम आहे. उड्डाणाच्या वेळी हेरंबचा ठोका किती होता, असं तिने विचारलं.

"मॅडम, ती माहिती गोपनीय असते."

"मी बायको आहे त्याची."

"म्हणून तर एवढं सांगितलं, मॅडम."

या उत्तराने पालीची मगर झाली.

दिवस जात होते तसं विचित्रपण वाढत होतं. हेरंब झोपायला जातो म्हणून फोन ठेवायचा, आणि थोड्या वेळाने तिच्या मनगटावरचा ठोका एखादा जिना चढल्यासारखा जड व्हायचा. उलट हेरंबला तिकडे बसून तात्यांचा संशय यायला लागला होता. "तात्या, तुम्ही पुन्हा गच्चीवर गेला होतात ना?" तो रोज झापायचा. "डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय. तुमचा ठोका इथे धावतोय!"

"अरे मी खाटेवर आडवा होतो!" तात्या वैतागून म्हणायचे. आणि फोन ठेवल्यावर शलाकाकडे बघून हळूच सांगायचे, "काल गेलो होतो, नाय असं नाय. पण तेव्हा हा काहीच बोलला नाय. आज झोपलो तर ओरडतोय."

शलाकाला वाटलं, तात्याही यात सामील आहेत. नाहीतर मुलगा आकाशात असताना माणूस इतका निवांत कसा राहील? दुपारी घोरतो कसा? एकाच घरात राहून ती सासऱ्याच्या ताटात भाकरी वाढत होती आणि त्यांच्या चेहऱ्याकडे चोरट्या मीटरकडे बघावं तशी बघत होती. रात्रीची गोळी हातावर ठेवताना तिने एकदा मुद्दाम विचारलं, "तात्या, त्या रात्री तुम्हाला अजिबात भीती वाटली नाही?"

"ड्रायव्हरने घाबरून कसं चालेल? मागे पन्नास माणसं बसलेली असतात."

"तुमच्या मागे आता कोणी नाही बसलेलं."

तात्यांनी गोळी गिळली आणि पाण्याचं भांडं पालथं घालून झोपायला गेले.

शेवटी तिने सापळा लावला. वर हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून सगळ्यांना रोज कंबरेला पट्टे बांधून पळावं लागतं. हेरंबला तिने लाडात येऊन सांगितलं, की तुला पळताना बघायचंय. तो खूश झाला. फोन समोर चिकटवून पळायला लागला. कपाळावर घामाचे थेंब जमून तिथेच फुगे होऊन बसले, श्वास फुलला, तरी मध्ये मध्ये तो तिच्याकडे बघून हसत होता. आणि शलाकाच्या मनगटावर ठोका पडत होता तसाच, एक, मग सावकाश दुसरा. पलीकडे माजघरातून तात्यांचं घोरणं ऐकू येत होतं. घोरणारा माणूसही याहून जोरात धडधडत असेल, असं तिला वाटून गेलं.

पळणारा हा चेहरा खोटा होता, हे आता पक्कं झालं. आणि ठोका तर खरा होता. म्हणजे खरा हेरंब कुठेतरी पडून होता. कुठे? कुणाच्या ताब्यात? या विचाराने तिची झोप उडाली, कारण गेले काही दिवस तो ठोका मध्येच अडखळत होता. एक पडायचा, मग तिने वाट बघत राहावं इतका वेळ काहीच नाही, मग पुढचा. ज्याचं कोणाचं हे काळीज होतं, ते बरं नव्हतं. ती रात्र रात्र मनगट कानाशी धरून पडायची. राग गेला होता, आता तिला फक्त तो जिवंत हवा होता.

दिवाळी तोंडावर आली. त्या दुपारी शलाका शृंगारतळीला एका इमारतीच्या मीटरखोलीत उभी होती. मुंबईला राहणाऱ्या एका गृहस्थाचा बंद फ्लॅट आणि त्याला महिन्याचं भरमसाट बिल. शेजाऱ्याच्या घरात दिवसभर एसी चालू आणि बिल चिमूटभर. दोघे एकमेकांना चोर म्हणत होते. शलाकाने एक बटण खाली केलं, दुसरं वर केलं आणि म्हणाली, "चोर कोणीच नाही. मीटर क्रॉस झालेत. ह्यांचा तुमच्या नावावर, तुमचा ह्यांच्या. बसवणाऱ्याची चूक." दोघे शरमून निघून गेले, आणि त्याच वेळी फोन वाजला.

हेरंब होता. त्याला बघताच तिचा बांध फुटला.

"खरं सांग. तू कुठे आहेस?"

"आत्ता? बहुतेक ब्राझीलवर."

"थट्टा पुरे झाली! उड्डाणाच्या वेळी तुझं काळीज हललंसुद्धा नाही. तू पळालास तेव्हाही नाही. तू वर नाहीयेस हेरंब. तू आहेस तरी कोण? माझा हेरंब कुठे आहे?"

हेरंबचं हसू मावळलं. मग दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "ठोका खोटं बोलत नाही म्हणतेस ना? मग माझंही ऐक. त्या रात्री माझ्या मनगटावर तात्या होते. मी तिथे बांधलेला, खाली इंजिनं पेटलेली, आणि त्यांचं काळीज असं धडधडत होतं की मला माझी भीती आठवेना. शलाका, या माणसाने मला कधी पोटाशी धरलं नाही. नोकरी लागली तेव्हा 'बरं झालं' म्हणाले, बस. तोंडाने एसटीचे विनोद करत असणार, आणि आत ही अवस्था! मला पहिल्यांदा कळलं, की तात्या माझ्यासाठी घाबरतात. मी हेल्मेटमध्ये रडलो. आणि तू म्हणतेस, मी तिथे नव्हतोच?"

शलाका ऐकत होती आणि तिच्या मनात काहीतरी खटकन जागेवर बसत होतं. तात्यांची छाती धडधडत होती? शक्यच नव्हतं. त्यांना रोज रात्री ती स्वतः गोळी द्यायची. ती गोळी हृदयाला लगाम घालते. डॉक्टर हसत म्हणाले होते, की आता पाठीमागे वाघ लागला तरी यांचं काळीज पळणार नाही.

समोर भिंतीवर दोन मीटर शेजारी शेजारी फिरत होते. तिला खंडेनवमी आठवली. तात्यांच्या घरात हा सण आगारासारखाच व्हायचा. दारातली स्कूटर झेंडूने मढवायची, आणि पाटावर जुना पाना, तात्यांचा बिल्ला, मिक्सर, हेरंबचा लॅपटॉप आणि त्या दोन्ही काळ्या पट्ट्या मांडायच्या. सगळ्याला हळदकुंकू, आणि रात्रभर त्यांना विश्रांती. दसऱ्याला सकाळी हेरंब सीमोल्लंघनाला निघाला तेव्हा तात्यांनीच पट्ट्या उचलून दोघांच्या हातांवर ठेवल्या होत्या. "घ्या, प्रसाद." दोघांनी कपाळाला लावून बांधल्या होत्या. प्रसाद कोणी पारखून घेत नाही.

"हेरंब, तू पळायला लागलास की तुझ्या मनगटावर कोणाचा ठोका पळतो?"

"तात्यांचाच. रोज. मी व्यायामाला लागलो की म्हातारा जिना चढायला ला..." तो थांबला.

"मानेवर बोट ठेव. आणि पट्टीकडे लक्ष दे."

त्याने बोट ठेवलं. पडद्यावर त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"दोन्ही एकच आहेत," तो म्हणाला. "हा माझाच आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी तिची गत झाली होती. हरवलेल्या नवऱ्याचा म्हणून रात्ररात्र कानाशी धरलेला तो ठोका पलीकडच्या खोलीतल्या म्हाताऱ्याचा होता. आणि तो अडखळत होता. आत्ताही अडखळत होता. तिने मनगट धरलं. एक ठोका पडला आणि पुढचा काही केल्या येईना.

हेरंबला काही न सांगता तिने फोन तोडला आणि खातूवहिनींना लावला. "वहिनी, मागच्या दाराने आत जा, आधी तात्यांना बघा, आणि ॲम्ब्युलन्स बोलवा!" मग तिने स्कूटर काढली. रस्ताभर ती देवाचं नाही, त्या पट्टीचं नाव घेत होती. पालशेतच्या वळणावर ठोका पूर्ण थांबल्यासारखा वाटला, तेव्हा तिने स्कूटर कडेला लावली आणि मनगट छातीशी धरून भररस्त्यात ओरडली, "तात्या!" मग एक ठोका आला. ती पुन्हा निघाली.

तात्या गच्चीच्या जिन्यात शेवटच्या पायरीपाशी कोसळले होते. खातूवहिनींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पायऱ्यांवर आकाशकंदील पडला होता, तात्यांनी स्वतः केलेला, चांगला पुरुषभर उंचीचा.

"एवढा मोठा कशाला हो तात्या?" वहिनी रडत विचारत होत्या.

"लहान केला," तात्या पुटपुटले, "तर वरून दिसायचा कसा?"

चिपळूणच्या इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी शलाकाला समजावून सांगितलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा इशारा खालच्या कप्प्यात पोचायला हवा, तरच ठोका पडतो. तात्यांची ती वाट वयाने झिजली होती, इशारे मध्येच हरवत होते, आणि लगामाच्या गोळीने भर घातली होती. "आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं. तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"मला कळलं नाही," शलाका म्हणाली. "मी दुसऱ्यावर संशय घेत होते."

तात्यांच्या छातीत पेसमेकर बसला. "म्हातारा आता बॅटरीवर," ते भेटायला येणाऱ्याला सांगायचे. शलाकाने वर फोन लावून हेरंबची माफी मागितली. तुझा चेहरा खोटा म्हटलं, तुझ्या घामालाही खोटं म्हटलं, असं सांगताना ती रडली. हेरंबने तिला केव्हाच माफ केलं होतं. त्याचं दुःख वेगळंच होतं.

"म्हणजे त्या रात्री तात्यांना काहीच वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "माझीच भीती मी बापाची माया समजून कुरवाळत बसलो. केवढा मूर्ख!"

"त्यांना गोळी होती, हेरंब. काळीज पळालंच नसतं."

"तेच म्हणतोय. पळालं असतं की नाही, हे आता कधीच कळणार नाही. आणि विचारलं तर ते विनोद करतील."

शलाकाने विचारून पाहिलं, आणि तात्यांनी विनोदच केला. तिला कंदील आठवत होता, पण हेरंबला ती काय सांगणार? कंदील तर लोक दर दिवाळीला लावतात. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तिचा संशय आता तात्यांच्या त्या थंड चेहऱ्यावर जाऊन बसला. आत काही आहे, की खरंच काही नाही?

दत्तजयंतीच्या सुमाराला हेरंबचं यान परतायला निघालं. पुन्हा सगळी आळी गच्चीवर जमली. तात्यांना चौघांनी खुर्चीसकट वर नेलं.

"माझ्या गाडीला असा धक्का मारावा लागायचा," ते म्हणाले, आणि लोक हसले.

अंधार पडल्यावर पश्चिमेकडे एक लाल रेघ उगवली. यान हवेवर घासत उतरत होतं. आता काही मिनिटं त्याच्याशी बोलणं होणार नाही, असं फोनवरचा निवेदक सांगत होता. भोवती पेटलेल्या हवेतून आवाज बाहेर येत नाही. खातूवहिनींनी जप सुरू केला.

"मधल्या थांब्यावर गाडी थांबणार नाय," तात्या म्हणाले. "सुट्टे पैसे काढून ठेवा."

या वेळी कोणी हसलं नाही. शलाकाने मनगटाकडे बघितलं. ठोका अगदी सारखा पडत होता, घड्याळासारखा. पडणारच. तो आता यंत्राचा होता. माणूस बसून असला की ते यंत्र संथच चालतं, मग आकाशातून त्याचा मुलगा का पडत असेना. तिच्याकडे आता कुठलंच मीटर नव्हतं. तिने खुर्चीशेजारी बसून तात्यांचा हात हातात घेतला.

तो हात घामाने चिंब झाला होता आणि थरथरत होता. तिने धरल्यावर तो आणखी थरथरायला लागला, आणि मग त्या हाताने तिची बोटं इतकी घट्ट आवळली, की तिला पाळण्यात बसलेला हेरंब आठवला. तात्या समोर बघत होते. चेहऱ्यावर एक आठी नव्हती.

फोनमधून टाळ्यांचा कडकडाट झाला. यानाच्या छत्र्या उघडल्या होत्या. ते पाण्यावर उतरलं होतं, सगळे सुखरूप होते. गच्चीवर आरडाओरडा उसळला. तात्यांनी हात सोडवून घेतला आणि धोतराला पुसला.

बऱ्याच वेळाने हेरंबचा फोन आला. जहाजावरून बोलत होता, आवाज खोल गेलेला.

"तात्या कसे आहेत?"

"विनोद करतायत."

"वाटलंच," हेरंब हसला, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "आणि ठोका? शांत होता ना?"

"एकदम शांत. पण मी ठोका नाही बघितला." शलाकाने तात्यांकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. "पोफळीला तात्या ड्रम बघायचे, तसं बघितलं. हात लावून."

पलीकडे समुद्राचा आवाज येत राहिला. मग हेरंबने लहान मुलासारखं विचारलं, "मग?"

"पोळला," ती म्हणाली.